पुलावर थांबते ती

दिवसाला चाळीस वेळा मी तिला मारते.
कधी भाले, कधी तटावरून उकळतं तेल,
कधी नुसतीच सोडून देते शत्रूच्या छावणीत
आणि मोजत राहते
किती बाण, किती सेकंद,
पडताना शेपूट जमिनीच्या आत जाते का.
गेल्या आठवड्यात जात होती.

खराडी, सातवा मजला, रात्रपाळी.
पगारपत्रकावर लिहिलंय 'गुणवत्ता चाचणी'.
आई शेजारच्या चोरडियाबाईंना सांगते, "कॉम्प्युटरमध्ये असते."
खोटं नाही ते.

तिची किंमत:
दोनशे पोती धान्य, ऐंशी मोहरा
आणि बावीस कृपा.
देवळासमोर माणसं उभी केली की कृपा ठिबकते
पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, सलाइनसारखी.
बावीस थेंब झाले की दार उघडतं
आणि येते बाहेर
धड सिंहिणीचं, चेहरा बाईचा.

चेहरा होशंगने काढलाय.
"कुणाचा रे?" मी विचारलं.
"कोणाचाच नाय," म्हणाला,
आणि दोन दिवस जेवायला आमच्यात बसला नाही.

मूळ गोष्टीत म्हणे ती वाट अडवून कोडं घालायची.
चुकलं उत्तर तर संपलात.
इथे तिला वाळूचं वादळ होता येतं
आणि क्लिक केलं तर तीन वाक्यं बोलता येतात
कुठल्याशा मेलेल्या भाषेत.
"हिचं कोडं कुठंय?" मी लीडला विचारलं.
गोगावले मान वर न करता म्हणाला,
"कोड आहे तेवढा बास. कोड्याला बजेट नाही."

मग नकाशा क्रमांक नऊवर ते सुरू झालं.
नदी, अरुंद पूल, पलीकडे शत्रू.
मी म्हणते जा, ती निघते,
आणि पुलाच्या मधोमध थांबते.
मान वळवते.
शत्रूकडे नाही. इकडे.

मी नोंद केली:
अपेक्षित – युनिट पूल ओलांडतं.
प्रत्यक्ष – युनिट बघतं.
पुन्हा घडतं का – दहातून तीनदा.
प्राधान्य – कमी.

पहाटे साडेतीनला मजल्यावर कुणी नसतं,
एसी तेवढा घोरत असतो.
ती पुलावर, मी खुर्चीत.
आता हिने काहीतरी विचारावं, असं वाटत राहिलं.
नाहीच विचारलं,
तेव्हा मीच घातलं, शिरूरचा मामा जेवताना घालायचा तसं,
पहिला घास हातात अडकवून ठेवत:

जाताना जड, येताना हलका,
पोटात घरं चार,
अंगण एकालाही नाही.
सांग, नाहीतर जेवण नाही.

तिने पापणी मिटली.
पापणी मिटायचं अ‍ॅनिमेशन तिला दिलेलंच नाहीये.
का असेल? मी झोपेत असेन. 
ही नोंद मी केली नाही.

सोमवारी नवीन बिल्ड आलं.
दहातून दहा वेळा ती पूल ओलांडून गेली,
शहाण्या मुलीसारखी,
पलीकडे तिसाव्या बाणाला पडली,
शेपूट जमिनीवर, जिथे असायला हवी तिथे.
"बंद करू ना?" गोगावलेने विचारलं.
मी लिहिलं, 'आणखी तपासायचं आहे.'
त्याला कारण हवं होतं.
कारणाच्या रकान्यात मी टिंब दिलं एक.
रकाना रिकामा चालत नाही.

पाच वाजता कंपनीची गाडी निघते.
पुढे गार्ड, मागे मी आणि पेंगणारी नूरजहाँ.
मुंढव्याच्या पुलावर रंगनाथभाऊंनी ब्रेक लावला.
समोर काही नव्हतं.
"काय झालं?"
"काही नाही मॅडम, वाटलं कुत्रं आडवं आलं."
खाली जलपर्णी, तिच्यावर फेस,
मुळा-मुठा आहे की नाही ते कळू नये इतका.

गाडी उभी राहिली, पाचसहा सेकंद.
मी मान वळवून बघितलं.
कुठे, ते नीट सांगता येणार नाही.

गाडी निघाली तेव्हा मांडीवरचा डबा वाजला,
चार घरं रिकामी,
एकात चमचा.